बाळंतिणीला भेटायला जाताना काय न्यावं?

टिपकागद

पुढच्या रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे जायचंय. पहिली खेप, सिझर झालंय, बाळ तीन आठवड्यांचं. माहेर चंद्रपूरला. आई येऊन राहून गेली, पण घरी वडील आजारी, त्यामुळे तिला परतावं लागलं. सासूबाईंचे गुडघे बोलतात. म्हणजे हडपसरच्या घरात प्रत्यक्षात दोघंच, त्यातला एक दिवसभर कामावर.

आमच्या ग्रुपवर वर्गणी काढून बाबागाडी घ्यायचं घाटतंय. ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही, हे मी दोनदा लिहिलं. त्यावर अंगठे आले, बाकी काही नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही त्या दिवसांतून गेलात तेव्हा कोणी केलेली कोणती गोष्ट आजही लक्षात आहे? वस्तूच हवी असं नाही.

मी स्वतः आई नाही, बहुधा होणारही नाही. तेव्हा "तुला काय कळणार" हे ऐकून झालेलं आहे, इथे परत नको. पण बाहेरून बघणाऱ्याला एक दिसतं. सगळे बाळाला भेटायला जातात. झबली, टोपडी, चांदीचे वाळे, खुळखुळा, सगळं बाळाचं. जिच्या पोटाला टाके आहेत तीच उठून चहा टाकते आणि पाहुणे "अगं कशाला" म्हणत तो पितात.

---

रिकामटेकडा

पाकीट. विषय संपला. (हलकं घ्या.)

---

निळीछत्री

@रिकामटेकडा, पाकीट सासूबाईंच्या कपाटात जातं. विषय आत्ता सुरू झाला.

---

सदाफुली७

काहीही न्या, पण शून्य मापाची झबली नका नेऊ हो. माझ्याकडे इतकी जमली होती की लेक त्यातली निम्मी घालायच्या आत मोठी झाली. ती मी पुढे दिली, जिला दिली तिनेही पुढे दिली. माझा संशय आहे की महाराष्ट्रात झबल्यांचे ठरावीक जोड आहेत आणि तेच फिरताहेत. कपडे द्यायचेच असतील तर सहा महिन्यांनंतर होतील असे द्या.

लक्षात राहिलेलं म्हणाल तर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांची बायको. आधीची फारशी ओळख नाही. त्या आल्या, दारातूनच म्हणाल्या, "मला सर्दी आहे, बाळाजवळ येत नाही." मग न्हाणीघरात बादलीत भिजलेली दुपटी-लंगोट दिसली, ती धुतली, पिळली, गॅलरीत वाळत घातली. दोरीवरची सुकलेली काढून घड्या घालून ठेवली. मी आतून "अहो राहू दे" म्हणतेय तोवर चप्पल घालून निघाल्यासुद्धा. बाळ कोणावर गेलंय यावर चकार शब्द नाही!

---

दहीपोहे

"नाक आत्याचं, हट्ट आजोबांचा" हे सांगायला येणाऱ्यांवर खरं तर प्रवेशशुल्क लावलं पाहिजे.

---

झणझणीत

खायला न्या. बाकी सगळं झूट.

आमच्या कोल्हापुरात बाळंतिणीला पायाचं सूप म्हणजे औषधच. माझं सासर पुण्यात, शाकाहारी. तिथे मला महिनाभर मुगाचं वरण, दुधीची भाजी, तूप-भात. तक्रार नाही, प्रेमाने देत होत्या. पण जीव कासावीस व्हायचा. शेजारी सांगलीची एक काकू होती. ती रोज संध्याकाळी "बाळाला दृष्ट काढते" म्हणून यायची आणि पदराखाली स्टीलच्या पेल्यात सूप आणायची. दृष्ट काढताना दार लावून घ्यायचं असतं हे सासूबाईंना तिनेच पटवलं होतं. माझ्या बाळाइतकी दृष्ट त्या सोसायटीत कोणाला लागली नसेल.

---

रिकामटेकडा

हे वाचून माझीच दृष्ट काढून घ्यावीशी वाटतेय.

---

माडाचीसावली

आमच्या गोव्याकडे मोरी. म्हणजे ती सांडपाण्याची नव्हे, मासा. लहान मोरीचं कालवण खाल्लं की दूध वाढतं असं आमच्या आयांचं ठाम मत. वाढतं की नाही देव जाणे, पण आईने मडगावच्या बाजारातून मोरी आणून स्वतः कापून रांधली याचाच परिणाम होत असावा. सोबत सकाळची उकड्या तांदळाची पेज. ती मात्र आजही आजारी पडले की हवी वाटते.

घाटावरच्यांनी आता डिंक की अळीव यावर भांडू नये ही विनंती.

---

झणझणीत

डिंक.

---

सदाफुली७

अळीव. नारळाच्या पाण्यात भिजवून, गुळात.

---

मीठभाकर

मुलींनो, मी वयाने बहुतेक तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी. नातवाने हे ॲप घालून दिलंय, टंकायला वेळ लागतो.

माझा थोरला १९८२ च्या पावसाळ्यात झाला. लालबागला चाळीत राहायचो. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झालेला, आमचे हे गिरणीतच. पहिले दोन महिने "आज मिटेल, उद्या मिटेल" यात गेले. मग गावाकडून तांदूळ यायचे त्यावर चाललं. बरेच जण गावी निघून गेले. मी अवघडलेली, म्हणून आम्ही राहिलो. माझी आई आधीच वारलेली.

समोरच्या खोलीत एक मावशी होत्या. नवरा बेस्टमध्ये, म्हणजे घरात पगार येणारी मजल्यावरची मोजकी घरं होती त्यातलं एक. त्या मला सकाळी नाचणीची आंबील आणि दुपारी काही ना काही भाजी आणायच्या. तेव्हाची रीत तुम्हाला ठाऊक असेलच, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आणि माझ्याकडे त्या दिवसांत साखरेचाही डबा रिकामा.

मावशींना ते न सांगता कळलेलं असणार. कारण त्या भांडं माझ्या हातात राहूच द्यायच्या नाहीत. उभ्या राहायच्या, "लवकर ओतून घे गं, मला हेच भांडं दूध तापवायला हवंय." मी म्हणायची, विसळून तरी देते. "नको, नळ जाईल." आणि खरकटं भांडं घेऊन चालू लागायच्या. त्यांच्या घरात भांड्यांची रांग लागलेली असायची मांडणीवर, मी पाहिलेली होती.

संप संपला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. यांना नोकरी परत मिळाली नाही. पुढे यांनी दुसरी कामं केली, आमचं बरं झालं. पण कोणाकडे डबा घेऊन गेले की मी कागदाच्या द्रोणात नाहीतर परत न मागण्याच्या डब्यात नेते. एवढंच सांगायचं होतं.

---

निळीछत्री

मीठभाकर आजी, ऑफिसात बसून वाचलं, आता डोळ्यांत काय गेलंय ते शेजारच्याला सांगतेय.

---

उंबरठा

सगळ्यांचे अनुभव छान आहेत, अनादर करायचा नाही. तरी थोडं मीठ टाकते.

या धाग्यावर आतापर्यंत मदत करणाऱ्या सगळ्या बायका, मदत घेणाऱ्या सगळ्या बायका. दुपटी धुणारी बाई, सूप आणणारी बाई, आंबीलवाली मावशी. घरातले पुरुष कुठे होते? एक बाई दुसरीचं ओझं अर्धं उचलते आणि आपण त्याला माणुसकी म्हणून हार घालतो. त्याने फक्त एवढंच होतं की ज्याने उचलायला हवं त्याच्यावाचून चालून जातं.

दुसरं, हक्क. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. चांगलंच आहे. पण ती लागू कोणाला? ज्या बाई माझ्या बाळाला मालिश करायला यायच्या, त्यांचं स्वतःचं बाळ पाच महिन्यांचं होतं. ते वस्तीत आजीकडे ठेवून त्या चार घरची बाळं न्हाऊ घालायच्या. त्यांना कसली रजा? त्यांना सूप नेणारी काकू कोण?

---

सदाफुली७

@उंबरठा, मुद्दा पटला. पण त्या बाईने दुपटी धुतली तेव्हा मला कायदा नको होता, कोरडी दुपटी हवी होती. दोन्ही एकदम हवं असू शकतं ना?

---

उंबरठा

असू शकतं. फक्त दुसऱ्याचं कौतुक करताना पहिलं विसरायला होतं, एवढंच म्हणणं.

---

बाबाआजम

पुरुष कुठे होते, तर हा बघा एक हजर झालाय.

केंद्र सरकारी नोकरीत बापाला पंधरा दिवसांची रजा असते. खाजगीत तसा कायदाच नाही, साहेबाच्या मनावर. माझ्या साहेबांनी "तुझं काय काम आहे तिथे?" असं मनापासून विचारलं होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, तिरकसपणा नव्हता. म्हणून जास्त वाईट वाटलं.

माझी गोष्ट उलटी आहे. बायकोसाठी माणसं होती. तिची आई, मावशी, दोन्हीकडची वहिनी. घरात इतक्या बायका की मला बसायला जागा नाही. बाळ हातात घेतलं की चारही बाजूंनी "मान धर, मान!" मी चोरासारखा बाळ बघायचो. एकदा रात्री बाळ थांबेना, सगळ्या थकून झोपलेल्या. बायको म्हणाली, घेऊन जा बाहेर, तुझं तू बघ. मी गच्चीवर फेऱ्या मारल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक काका सिगारेट ओढायला आले होते (काकूंना ठाऊक नव्हतं). त्यांनी सिगारेट विझवली, लांब उभे राहिले आणि तिथूनच मला सांगितलं की बाळाला पालथं हातावर घे, पोट तळहातावर आलं पाहिजे, डोकं कोपरात. बाळ गप्प! मग म्हणाले, "माझी तीन वाढली, मला एकदाही कोणी हातात दिलं नाही. हे मी नातवावर शिकलो."

तर उंबरठाताई, काही ठिकाणी पुरुष पळालेला असतो हे खरंच. काही ठिकाणी त्याला दारातच थोपवलेलं असतं.

---

दहीपोहे

सिगारेटचं काकूंना कळलं का शेवटी?

---

बाबाआजम

काकूंना लग्नाआधीपासून ठाऊक होतं असं नंतर समजलं.

---

पाऊलखुणा

कधी लिहीन असं वाटलं नव्हतं, पण लिहिते.

माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला. वजन सव्वा किलोच्या आत. काचेच्या पेटीत, नाकात नळी. मला दूधच येत नव्हतं. पंप लावून अर्धा तास बसायचं आणि बाटलीच्या तळाला जेमतेम ओल. भेटायला येणारे विचारायचे, "अंगावर पितो ना?" त्यांच्या दृष्टीने साधा प्रश्न.

तिथल्या सिस्टरांनी सांगितलं की तुमची सही असेल तर दूधपेढीतलं दूध देऊ. मी आधी नाही म्हटलं. कोणाचं तरी दूध, ही कल्पनाच झेपेना. सासऱ्यांनी ऐकलं. ते फार बोलत नाहीत. म्हणाले, "मला माझ्या काकूने पाजलंय. आमच्या घरात कोणी ते वेगळं मानलं नाही." मी सही केली.

एका वेळी दोन मिलि. सिरिंजमधून, नळीतून. ते दूध कोणाचं हे कधीच सांगत नाहीत. कुठल्यातरी बाईने स्वतःचं बाळ पाजून, मग पुन्हा बसून, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाळासाठी काढलं असणार. माझं दूध नंतर आलं, चांगलं आलं. घरी जायच्या आधी मीही काढून दिलं. मुलगा आता पाचवीत आहे आणि अत्यंत आगाऊ आहे.

टिपकागद, तुमच्या मैत्रिणीला "अंगावर पितो का" तेवढं विचारू नका. तिला सांगायचं असेल तर सांगेल.

---

दहानंबरवॉर्ड

पाऊलखुणा यांनी लिहिलं म्हणून भर घालते. मी नवजात शिशू विभागात बरीच वर्षं परिचारिका होते.

आपल्याकडची, आणि आशियातलीही, पहिली दूधपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. कमी दिवसांच्या बाळांना वरच्या दुधाने आतड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका जास्त असतो, आईच्या दुधाने तो कमी होतो. स्वतःच्या आईचं नसेल तर दुसऱ्या आईचं, असा सरळ हिशेब. आता पुण्यातही आहेत.

प्रक्रिया अशी: देणाऱ्या आईची प्रकृती विचारतात, एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोगाची रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंशावर अर्धा तास तापवून एकदम गार करतात, जंतू वाढतात का ते तपासतात आणि उणे वीस अंशावर ठेवतात. देणारीला पैसे मिळत नाहीत. आईच्या दुधाची विक्री करायला आपल्याकडे परवानगी नाही, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये ते पुन्हा बजावून सांगितलं.

दूध देणाऱ्या बायकांमध्ये काही अशाही असायच्या ज्यांचं स्वतःचं बाळ गेलेलं असे. दूध थांबायला वेळ लागतो. कोणी गोळी मागायची, कोणी म्हणायची, फेकण्यापेक्षा घ्या. त्या खोलीत आम्ही काय बोलायचं हे कधी कोणी शिकवलं नाही. पाणी द्यायचो, पंखा लावायचो, पाठीमागे उशी ठेवायचो.

---

दहीपोहे

@दहानंबरवॉर्ड, बाळबोध प्रश्न. माझ्या वहिनीला भरपूर येतं, तिच्या मैत्रिणीला कमी. बाटलीत भरून परस्पर दिलं तर?

---

दहानंबरवॉर्ड

नको. भावना चांगली, पण तपासणी नाही, तापवणं नाही, काही आजार आणि औषधं दुधातून जातात. जास्त येत असेल तर जवळच्या दूधपेढीत विचारा. कमी येत असेल तर बहुतेक वेळा बाळ नीट धरलं जात नसतं, ते बघणारी जाणकार सिस्टर शोधा.

आणि धागा निघालाच आहे तर: बाळाच्या डोळ्यात काजळ नको, नाकात-कानात तेल नको, वर्षाच्या आत मध नको. कितीही शुद्ध असला तरी नको.

---

मीठभाकर

आम्ही सगळं केलं. मुलं जगली.

---

दहानंबरवॉर्ड

आजी, जी जगली ती सांगायला आहेत. तुमच्या आंबिलीला मात्र माझं पूर्ण अनुमोदन.

---

मीठभाकर

बरं बाई. काजळ पायाला लावलेलं चालेल ना?

---

दहानंबरवॉर्ड

पायाला लावा, आजी.

---

ओसरी

मी आशा सेविका आहे, नाशिक जिल्ह्यात. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्हाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. बाळाचं वजन, ताप, अंग गार आहे का, छाती आत ओढतंय का, नीट पितंय का. आणि आईला ताप, अंगावरून जास्त जाणं, टाके. मी लागले तेव्हा सगळ्या भेटी झाल्यावर मिळून अडीचशे रुपये मिळायचे. मोर्चे का काढतो ते आता समजलं असेल. उंबरठाताईंचं म्हणणं म्हणून मला पटतं.

पण एक सांगते. तिसऱ्या दिवशी गेलं की घर भरलेलं असतं. पाचवीची तयारी, पाटा-वरवंटा, सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन. चौदाव्या दिवशी बारसं उरकलेलं. अठ्ठाविसाव्या दिवशी जावं तर ती एकटी असते. सगळे शेतावर. बाळ रडतंय, ही पण रडतेय, चूल विझलेली. म्हणून म्हणते, पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा गर्दी असते. महिन्याने जा.

पहिल्या बाळंतपणाचे पाच हजार सरकारकडून मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा. बँकेचं खातं, आधार, कागद जुळवताना बायका थकतात. शहरातल्या शिकलेल्या कोणाला मदत करायचीच असेल तर आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा तो अर्ज भरून द्या. उंबरठाताईंच्या मालिशवाल्या बाईंनाही मिळू शकतं.

---

उंबरठा

@ओसरी, त्यांना मिळालं नव्हतं, विचारलंही नव्हतं कोणी, माझ्यासकट. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत. उद्याच फोन लावते.

---

पवनचक्की

नेदरलँड्समधून. आमच्या इथे सरकारमान्य विम्यातून बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस एक प्रशिक्षित बाई घरी येते. बाळ-बाळंतिणीचं तपासते, दूध पाजायला शिकवते आणि वर हलकी घरकामंही करते. मोठ्या मुलाला खाऊ घालते, अंथरूण बदलते, पाहुणे जास्त बसले तर त्यांना उठवतेसुद्धा. आमची जी आली होती ती सहा फूट उंच होती. तिने दार उघडलं की लोक आपोआप अर्ध्या तासात निघायचे.

पाहुण्यांना टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळलेली ॲनिस (बडीशेपेसारखी) देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. ॲनिसने दूध वाढतं हा त्यांचा जुना समज! मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती बाळंतशेपांचा डबा हातात धरून म्हणाली, "बघ, आणि तू मला नको म्हणत होतीस."

---

निळीछत्री

सरकारी सहा फुटी बाई. आपल्याकडे हे कधी येणार?

---

झणझणीत

आपल्याकडे सहा फुटी आत्या असते. ती उठवत नाही, बसते.

---

वाळूचाकिल्ला

आमची मुलगी दत्तक आहे. घरी आली तेव्हा दीड वर्षाची होती.

२०१७ च्या त्याच दुरुस्तीत दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवडे रजा ठेवली, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तर. प्रत्यक्षात दत्तकाची प्रक्रिया इतकी लांबते की तेवढं लहान मूल हाती येणं अवघडच. मला रजा मिळाली नाही. बिनपगारी घेतली.

लोक भेटायला यायचे ते पेढे खाऊन जायचे आणि जाताना हळू आवाजात म्हणायचे, "मोठं काम केलंत." मी कसलं काम केलं होतं? मूल रात्री तीनदा दचकून उठायचं, मी झोपेविना भेलकांडत होते. बाकी आयांसारखीच. पण मला कोणी दमलेली धरत नव्हतं, सगळे मला थोर धरत होते. थोर माणसाला डबा कोण आणणार?

इमारतीत भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी एक दिवस जुडीखालून फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू काढले. मी म्हटलं, मावशी, मला लागत नाहीत हे, मी बाळंत कुठे झालेय. म्हणाल्या, "कंबर दुखते का नाय पोर उचलून?" दुखत होती. "मग खा."

---

पाऊलखुणा

@वाळूचाकिल्ला, "मला सगळे थोर धरत होते." हे पेटीतल्या बाळाच्या आईलाही लागू आहे. "तू किती खंबीर" म्हणून लोक निघून जातात.

---

निळीछत्री

आता माझंही सांगून टाकते.

दुसऱ्या महिन्यात मला बाळाकडे बघून काहीच वाटायचं नाही. राग नाही, प्रेम नाही. पाजायचं, ढेकर काढायचा, निजवायचं. सगळं वेळेवर. बाहेरून बघणाऱ्याला मी अगदी नमुनेदार आई. कोणाला सांगणार? धाकटी नणंद आली होती. तिच्याशी माझं कधी विशेष जमलं नाही, अजूनही फार नाही. तिने विचारलं, "वहिनी, झोप लागते का? बाळ झोपल्यावर तरी?" मी नाही म्हटलं. बाळ झोपलं तरी मी छताकडे बघत असायचे. तिने वाद घातला नाही, उपदेश नाही, दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावून डॉक्टरकडे घेऊन गेली. घरी सांगितलं, टाके दाखवायला नेतेय. औषध आणि बोलणं दोन्ही लागलं. काही महिन्यांनी एका सकाळी लेक जांभई देताना मला हसू आलं.

कोणी वाचत असेल आणि असं होत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. टिपकागद, तुम्ही गेलात की मैत्रिणीला झोपेचं नक्की विचारा. "बाळ झोपतं का" नाही, "तू झोपतेस का".

---

सदाफुली७

निळीछत्री, विनोद करणाऱ्या बाईच्या मागे एवढं. तुला एक मोठी मिठी. आणि नणंदेला अळिवाचे लाडू.

---

झणझणीत

डिंकाचे. (पण मिठी माझीही.)

---

टिपकागद

सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आले, म्हणून लिहितेय.

आधी फोन करून सरळ विचारलं, "काय हवंय?" ती म्हणाली, काही नको, तुम्ही या. पुन्हा विचारलं. मग गप्प राहिली आणि म्हणाली, "मला केस धुवायचेत. नीट. घाई न करता." सिझरनंतर तिने डोक्यावरून नीट पाणी घेतलंच नव्हतं. नवरा घरी येईपर्यंत रात्र होते, रात्री केस वाळत नाहीत, आणि दिवसा बाळाला सोडून न्हाणीघरात गेलं की आतूनच रडणं ऐकू येतं.

गेलो दोघी. एकीने बाळ घेतलं, मी शिकेकाई उकळवून नेली होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नवरा काळजीने दार वाजवायला निघाला, त्याला मीठ-मिरची आणायला खाली पाठवला. बाळ मध्ये रडलं. बाबाआजम, तुमच्या काकांची हातावर पालथं घेण्याची युक्ती केली. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा चाललं. तिचे केस पंख्याखाली वाळेपर्यंत ताज्या पोळ्या लाटल्या, तिने गरम खाल्ल्या. चहा तिने टाकला नाही. आम्हीही प्यायलो नाही, राहूनच गेलं.

झोपेचं विचारलं. तुकड्यातुकड्याने लागते म्हणाली, पण लागते. निळीछत्री, नंबर तिच्या फ्रिजवर लावून आले, कशासाठी ते नवऱ्यालाही समजावलं.

बाबागाडी रद्द. त्या वर्गणीतून महिनाभर धुणं-भांड्याला बाई लावली. उंबरठा, त्यांना जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे ठरवूनच. आणि ओसरीताईंचं ऐकून डबे आत्ता नाही, बाळ महिन्याचं झालं की सुरू करणार. दुपारी डबा दाराच्या कडीला अडकवायचा, मेसेज टाकायचा, आत जायचं नाही. सोमवार, मंगळवार, शुक्रवार ठरलेत. मीठभाकर आजी, डबे परत न मागण्याचेच घेतलेत.

एक अडचण आहे. तिला शेपू आवडत नाही. पालेभाजी कोणती द्यावी?

---

झणझणीत

शेपू न आवडणारीने माझी शेपू खाल्लेली नसते. मुगाची डाळ भिजवून घाला, लसूण ठेचून तुपात, झाकण न ठेवता परता. तरी नको असेल तर तांदुळजा.

---

माडाचीसावली

तांबडी भाजी, वर ओलं खोबरं.

---

चौथीखिडकी

नेहमी वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. मी हडपसरलाच राहतो, एकटा. बुधवार रिकामा दिसतोय. मला मुगाची खिचडी चांगली येते, बाकी काही विशेष नाही. चालेल का?

---

टिपकागद

चालेल की! तिखट कमी, तूप वेगळ्या वाटीत. पत्ता अर्थातच देणार नाही, राग मानू नका. बुधवारी बाराच्या आत गाडीतळावर माझ्याकडे द्या, मी तिथूनच जाते. वेळ आणि खूण वेगळ्या निरोपात कळवते.